उशांना नवे अभ्रे आणि मागच्या खोलीला कुलूप

आज एका घराचं व्हॅल्युएशन, म्हणजे घराची किंमत ठरवायची पाहणी, अर्ध्यावर थांबलं. कारण काय, तर मागच्या खोलीला कुलूप, किल्ली धाकट्या भावाकडे आणि भाऊ परगावी. बैठकीत मात्र उशांना नवेकोरे अभ्रे, खिडक्यांना नवे पडदे. घरच्यांनी दोन दिवस राबून घर चकाचक केलं आणि व्हॅल्युअर अर्धी वही कोरी घेऊन परत गेला.

अहो, तो स्थळ बघायला येत नाही! मोजायला येतो. खोल्या मोजतो, फोटो काढतो, बांधकाम किती जुनं आणि कशा अवस्थेत आहे ते टिपतो. मग आसपास हल्ली विकल्या गेलेल्या तशाच घरांशी ताडून आकडा काढतो. अभ्र्यांचा रकाना त्याच्या अहवालात नसतो. खोल्यांचा असतो. १२ बाय १० ची एक खोली म्हणजे १२० चौरस फूट. घर ८०० चौरस फुटांचं असेल तर १५ टक्के घर त्या कुलपामागे राहिलं. न बघितलेली खोली तो मनाने कशी लिहिणार?

नीटनेटकं घर बघून माणसाचं मत जरा बरं होतं, हे मान्य. तोही माणूसच आहे. पण आवराआवरीला एकच सकाळ हाताशी असेल तर ती अभ्र्यांवर घालवू नका, भिंती मोकळ्या करा.

का, ते सांगतो. हल्ली मोजणी बहुतेक लेझरने होते. यंत्र एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि अंतर दिसतं. मधे दोन फूट खोल कपाट आलं तर ठिपका कपाटावर पडतो आणि खोली कागदावर दोन फुटांनी आखडते. समोर आरसा किंवा काच असेल तर आकडा भलताच येतो. चांगला मोजणारा जागा बदलून पुन्हा मोजतो, पण प्रत्येक खोलीत तेच करावं लागलं की वेळ जाणारच. म्हणून खोलीच्या लांबीत आणि रुंदीत कमरेच्या उंचीवर एकेक सरळ पट्टा भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळा ठेवा. बस, एवढंच. बाहेरून मोजायचं असेल तर भिंतीलगतच्या कुंड्या आणि भंगार हातभर लांब सरकवा. गच्चीची किल्ली आणि माळ्याची शिडी आधीच काढून ठेवा. रिकाम्या घरात मेन स्विच आणि पाणी चालू करून ठेवा, नाहीतर नळ-दिवे चालतात की नाही हे तो कशावरून लिहिणार? भाडेकरू असेल तर त्याला चार दिवस आधी सांगा, दारात उभं राहून नव्हे. फोटोत माणसं नको असतात, तेव्हा सगळ्यांनी मागे मागे फिरू नका, घराची माहिती असलेला एकजण पुरे. आणि कुत्रं बांधा. ‘आमचा काही करत नाही’ हे सगळेच म्हणतात.

कागदांचं तर बोलायलाच नको. मालकीचा दस्त, मंजूर नकाशा, कराची शेवटची पावती यांच्या प्रती एका फाइलमध्ये हव्यात. नकाशात बाल्कनी आणि प्रत्यक्षात तिथे मुलाची अभ्यासाची खोली, असं असेल तर आपणहून सांगा. परवानगी असेल तर कागद दाखवा. नसेल तर ती जागा घराच्या क्षेत्रफळात धरली न जाण्याची शक्यता असते. लपवून ती परवानगीची होत नाही.

केलेल्या कामांची यादी एका पानावर लिहा: काय केलं, कोणत्या साली, साधारण किती खर्च आला. ‘नुकतंच केलंय’ असं लिहू नका, लोकांचं नुकतंच आठ-आठ वर्षांचं असतं. जी कामं डोळ्यांना दिसत नाहीत ती सगळ्यात वर घ्या: वायरिंग, पाइपलाइन, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. नवी फरशी त्याला दिसतेच. आणि फरशीला जेवढे घातले तेवढेच किमतीत वाढतील, ही आशा सोडा. शेजारचं घर हल्ली विकलं गेलं असेल तर त्याचं क्षेत्रफळ, मजला आणि व्यवहार झाला ती किंमत सांगा. जाहिरातीतली नको, ती मागणी असते.

आणि कृपा करून ‘एवढे यायलाच हवेत’ म्हणू नका! दलाल तर व्हॅल्युअरच्या कानात आकडा सांगायला टपलेलेच असतात. दडपणाखाली लिहिलेल्या आकड्याला पुढे कोणी प्रश्न विचारला तर निस्तरायला तुम्हीच असता.

तर ती बंद खोली. निघता निघता त्या घरातल्या आजी दाराशी हळूच म्हणाल्या, “तिथली भिंत ओली आहे हो, दाखवायला बरं वाटत नाही.” हे ऐकल्यावर राग धरून बसणं अवघड आहे. पण आजी, ओल लपत नाही. बाहेरच्या बोळात त्याच भिंतीचा रंग खालून फूटभर सुटला होता, पापुद्र्याखाली पांढरे क्षार होते. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. म्हणजे बहुधा पाइपचा सांधा गळतोय आणि तसं असेल तर ते प्लंबरचं काम आहे, घराचा रोग नव्हे. सांधा दुरुस्त करून पावती दाखवली तर एका ओळीत मिटेल. त्यावर घाईने रंग मारला तर डाग पुन्हा वर येतो आणि ताजा रंग फक्त एकाच भिंतीला दिसला की बघणाऱ्याला आधी तीच भिंत ठोकून बघावीशी वाटते.

अहवाल आला की खोल्यांची संख्या, क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचं साल एवढं ताडून बघा. चूक असेल तर ज्यांनी व्हॅल्युएशन मागवलं त्यांना पुराव्यासकट लेखी कळवा. ‘कमी वाटतंय’ हा पुरावा नाही.

दुसरी फेरी गुरुवारी आहे. किल्ली घेऊन भाऊ बुधवारी रात्री पोचतोय. कपाट त्या ओल्या भिंतीपुढे सरकवायचं चाललं होतं, ते नको म्हणून सांगितलंय.