आधी फणस तोडा, मग निसर्ग आणा

चाकरमानी मंडळी, गावचं घर पाडून तिथे ‘निसर्गस्नेही’ बंगला बांधायचं ठरवलंत, हे उत्तम झालं. पहिला अंगणातला फणस उतरवा. पानं पडतात आणि झाडायला माणूस मिळत नाही. हवं तर बेडरूमच्या भिंतीला जंगलाचा कागद चिकटवा. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्ये दाखवून दिलं, की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले, कडक वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. त्या झाडांखालचा पाचोळा कोण काढायचं, ते मात्र त्याने लिहिलेलं नाही.

मग खळं. सारवलेली जमीन पाणी पिते, हा तिचा मोठाच दोष. खाली काँक्रीट ओतून वर पेव्हर ब्लॉक बसवा. आजीने न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडलं होतं, ते गटाराला जोडा आणि माडाला ठिबक घ्या. कौलं काढून स्लॅब टाका. स्लॅब तापला, गळला, की वर पत्र्याची शेड येतेच. जांभ्याच्या भिंतीला गिलावा करून त्यावर जांभ्यासारखी दिसणारी टाइल लावा. (हसू नका, मी भाव विचारून आलोय.)

राहिला मागचा पऱ्या, म्हणजे ओढा. वाकडातिकडा, काठाला केवडा, पावसात पसरायला त्याला अर्धी वाडी लागते. दोन्ही बाजूंनी काँक्रीट घालून सरळ करा. कुणी शहाणा सांगेल, की सिंगापूरने बिशान पार्कात २.७ किलोमीटरचा काँक्रीट कालवा फोडून ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली, २०१२ मध्ये पार्क खुलं झालं, पूर आला की पाणी हिरवळीवर पसरतं. पसरू दे! आपण पऱ्या आधी सरळच केला नाही, तर उद्या त्याला वळणं द्यायला निधी कुठून येणार? आणि अभ्यासदौरा? चिपळूणकरांना यातलं काही विचारू नका. ते २२ जुलै २०२१चा पूर काढून बसतात, वाशिष्ठी कितव्या पायरीपर्यंत आली ते दाखवायला जिन्यात नेतात, चहा गार होतो.

एवढं झालं की गच्चीवर प्लॅस्टिकची हिरवळ अंथरा. मे महिन्यात ती पायाला चटके देते, तेव्हा पाणी मारावं लागेल. विहीर तोवर आटलेली असेल, पण काळजी नको, फणस गेल्यामुळे टँकर थेट दारापर्यंत येतो.