कार्ड नवं, गेम तसाच अडखळतोय: प्रोसेसर बदलायच्या आधी हे बघा

सध्या एक सल्ला जिकडेतिकडे फिरतोय. नवं ग्राफिक्स कार्ड लावूनही गेम अडखळत असेल तर प्रोसेसर जुना झालाय, असं त्यात ठामपणे सांगितलेलं असतं. बॉटलनेक कॅल्क्युलेटरवर (प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की कोण कोणाला किती अडवतो याचा टक्का सांगणारी वेबसाइट) दहा टक्क्यांच्या वर आकडा आला की मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदला. ते परवडत नसेल तर विंडोज फॉरमॅट मारा, सेटिंग लोवर ठेवा आणि पॉवर सप्लाय मोठा घ्या. लोक यावर विश्वास ठेवून कार्डाच्या किमतीइतकाच खर्च पुन्हा करतात, आणि पुष्कळदा मूळ दोष तसाच राहतो. म्हणून हा सल्ला मुद्द्यामुद्द्याने खोडणं गरजेचं आहे. उदाहरण एकच धरू: बी४५० बोर्ड, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जुनं जीटीएक्स १६५० कार्ड काढून आरटीएक्स ४०६० बसवलेलं.

“कॅल्क्युलेटर १८ टक्के बॉटलनेक दाखवतो.”

असा एकच एक आकडा असूच शकत नाही. याच मशिनवर १०८०पी रिझोल्यूशनला लो सेटिंगवर व्हॅलोरंट हा गेम प्रोसेसरपाशी अडेल, आणि सायबरपंक २०७७ अल्ट्रा सेटिंगवर १४४०पीला कार्डापाशी अडेल. गेम, रिझोल्यूशन आणि सेटिंग बदललं की अडण्याची जागा बदलते. कॅल्क्युलेटरला फक्त दोन मॉडेलची नावं कळतात. रॅम एकच काडी आहे का, कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे, हे त्याला दिसत नाही.

मोजायचं तर आफ्टरबर्नर (कार्डाचा वापर मोजणारं ॲप) आणि त्याच्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर (ते आकडे गेमवर दाखवणारा) लावा. स्क्रीनच्या कोपऱ्यात चार गोष्टी दिसू द्या: कार्डाचा वापर, व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वेगळा वापर आणि फ्रेमटाइमचा (एक फ्रेम तयार व्हायला लागणाऱ्या वेळेचा) आलेख. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर प्रोसेसर निर्दोष आहे, विषय संपला. कार्ड ५०-६० टक्क्यांवर असेल आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) बरोबर ६० किंवा ७५ वर खिळलेले असतील, तर बहुधा व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारं सेटिंग) किंवा फ्रेम लिमिट चालू आहे. तेही नसेल तर रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. एफपीएस झपकन वाढले तर अडचण कार्डाकडे. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर किंवा रॅमकडे. प्रोसेसरच्या एकूण टक्क्यांवर जाऊ नका. ३६०० ला १२ थ्रेड आहेत. गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरलेला असतानाही एकूण आकडा ३०-४० टक्केच दिसू शकतो.

“चित्र आलं, ड्रायव्हर बसला, म्हणजे कार्ड नीट लागलंय.”

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज हाच. बऱ्याच बी४५० बोर्डांवर दोन लांब स्लॉट असतात आणि वरून ते सारखेच दिसतात. प्रोसेसरच्या जवळचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. खालचा चिपसेटमधून (बोर्डावरच्या मदतनीस चिपमधून) येतो आणि तो साधारणपणे पीसीआयई (कार्ड जोडण्याची पद्धत) २.० चा, चारच लेनचा (डेटाच्या मार्गिकांचा) असतो. ४०६० मुळात आठ लेनचं कार्ड आहे. वरच्या स्लॉटमध्ये त्याला पीसीआयई ३.० च्या आठ लेन, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.९ जीबी मिळतात. खालच्यात जेमतेम २ जीबी. कूलर आड येतो म्हणून किंवा हवा खेळती राहावी म्हणून कार्ड खाली सरकवलेलं असलं, तर घोळ तिथेच आहे.

तपासायला जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं ॲप) उघडा आणि ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. मशिन निवांत असताना तिथे १.१ दिसलं तर घाबरू नका, वीज वाचवायला कार्ड दुव्याचा वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून रेंडर टेस्ट सुरू करा. आता ‘x८ ३.०’ दिसलं पाहिजे. x४ किंवा त्याहून कमी दिसत असेल तर मशिन बंद करा, पॉवर केबल काढा, कार्ड बाहेर घ्या, सोनेरी पट्टीवर धूळ आहे का बघा आणि स्लॉटच्या टोकाची खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत कार्ड वरच्या स्लॉटमध्ये सरळ दाबून बसवा. कॅबिनेटची पट्टी वाकडी असली की स्क्रू आवळताना कार्डाचं एक टोक नकळत उचललं जातं; हे नुसतं वरून बघून कळत नाही.

मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नाही. ३६०० मध्ये अंतर्गत ग्राफिक्स नाही, त्यामुळे चुकीच्या जागी लावली तर चित्रच येणार नाही. पण ५६००जी किंवा शेवटी एफ नसलेला आय५ असेल तर चित्र येऊ शकतं, आणि मग गेम अंतर्गत ग्राफिक्सवर रडतखडत चालतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये ६० वर अडकलेला नाही ना, तेही बघून घ्या.

“१६ जीबी रॅम आहे, रॅमचा प्रश्नच येत नाही.”

किती जीबी आहे एवढ्याने भागत नाही, ती कशी लावलीय हे बघावं लागतं. १६ जीबीची एकच काडी ३२०० च्या वेगावर सेकंदाला २५.६ जीबी देते. ८-८ च्या दोन काड्या योग्य स्लॉटमध्ये ५१.२ जीबी. चार स्लॉटच्या बोर्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा हे ते स्लॉट. दुसरी गोष्ट, ३२०० लिहिलेल्या बऱ्याच काड्या बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारं सेटिंग (काही बोर्डांवर नाव डीओसीपी), चालू करेपर्यंत २१३३ किंवा २४०० वर चालतात. जुनं १६५० स्वतःच आधी दमायचं, म्हणून हा दोष झाकलेला होता. नव्या कार्डाने तो उघडा पाडला. लोकांना वाटतं कार्डच खराब निघालं. सीपीयू-झेड या प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये १६०० दिसलं तर ते ३२०० च समजा, तिथे निम्मा आकडा दिसतो.

इथे इंटेलवाल्यांसाठी एक अट आहे: एच४१० किंवा बी४६० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय५ असेल तर रॅम २६६६ च्या वर जात नाही. तिथे दुसरी काडी लावणं हाच उपाय.

“विंडोज फॉरमॅट मारा, सगळं सुरळीत होईल.”

स्लॉट, केबल, एक्सएमपी यांतल्या एकालाही फॉरमॅट हात लावत नाही. उलट शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) साठवलेली कॅशे पुसली जाते. नवं कार्ड किंवा नवा ड्रायव्हर आल्यावर गेमला शेडर पुन्हा तयार करावे लागतात, आणि पहिला काही वेळ नव्या जागेत शिरताना गचके बसतात. एकाच जागेतून दुसऱ्यांदा जाताना गचके कमी झाले तर कारण हेच. तेव्हा फॉरमॅट मारणं म्हणजे तेच गचके पुन्हा पहिल्यापासून सोसणं. एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं लावलं असेल तर मात्र जुना ड्रायव्हर नीट काढा: इंटरनेट तोडा, सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर पुसणारं साधन) चालवा, मग नवा ड्रायव्हर बसवा. एवढं पुरतं.

“सेटिंग लो करा, प्रोसेसरचा भार उतरेल.”

टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) आणि रिझोल्यूशन हा मुख्यतः कार्डाचा भार आहे. प्रोसेसरवर ओझं टाकतात गर्दीची घनता, दूरपर्यंत दिसणाऱ्या वस्तू आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं गणित). कमी करायचं तर हे करा. व्हीरॅमचा आकडा ८ जीबीला टेकला असेल तेव्हा टेक्स्चर एक पायरी उतरवा. जागा संपली की कार्ड पीसीआयई जोडणीवरून रॅमकडे धावतं, आणि पीसीआयई ३.० च्या आठ लेनवर ते धावणं महागात पडतं.

“पॉवर सप्लाय लहान आहे म्हणून कार्ड अर्ध्या ताकदीने चालतंय.”

पॉवर सप्लाय कमी पडला की मशिन सहसा बंद पडतं, रिस्टार्ट होतं किंवा स्क्रीन काळी होते. एफपीएस गुपचूप निम्मे होत नाहीत. ४०६० चं रेटिंग ११५ वॅटचं आहे, आणि एनव्हिडिया त्याच्यासाठी ५५० वॅटचा सप्लाय सुचवते. खरा धोका वेगळाच आहे. १६५० च्या बऱ्याच कार्डांना वेगळी पॉवर केबल लागत नव्हती, म्हणून आता आठ पिनच्या पॉवर कनेक्टरसाठी साटा कनेक्टरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) जुगाड केला जातो. साटाची १२ व्होल्टची मर्यादा ५४ वॅट आहे, आठ पिनवरून कार्ड १५० पर्यंत मागू शकतं. वायर वितळते. हा जुगाड कधीच करू नका.

आणि प्रोसेसर खरंच दोषी असतो का? असतो. चार कोअरचे जुने प्रोसेसर नव्या गेममध्ये धापा टाकतात. इंटेलचं आर्क बी५८० हे ग्राफिक्स कार्ड जुन्या प्रोसेसरसोबत अपेक्षेपेक्षा बरंच मागे पडतं, हे २०२५ च्या सुरुवातीला चाचण्यांतून दिसून आलं. शिवाय आर्कला बायोसमध्ये रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू असावाच लागतो. पण तेव्हाही तिन्ही वस्तू बदलायची गरज नसते. आपल्या उदाहरणातल्या बी४५० वर रायझन ५ ५६०० किंवा ७ ५७००एक्स३डी बसतो, रॅम तीच चालते. क्रम तेवढा सांभाळा: जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट करा, मशिन एकदा नीट सुरू होतंय याची खात्री करा, मगच जुना प्रोसेसर काढा. उलटं केलंत तर नव्या प्रोसेसरवर स्क्रीन काळीच राहू शकते, आणि अपडेट करायला जुना पुन्हा बसवावा लागू शकतो.