मनुकांचं शरबत आणि 'जुगाड' हा शब्द: एका प्रतिक्रियेला उत्तर

शालोम.

शब्बाथच्या (शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणारा यहुदींचा विश्रांतीचा पवित्र दिवस) शरबतावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाशी अडले. ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबतावर किद्दूश (शब्बाथला आणि सणाला पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद) म्हणणं हा बेने इस्राएलांचा, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुदींचा, "गरिबीतला जुगाड" आहे, आता दुकानात वाइन मिळते तर त्याला परंपरा म्हणून मिरवू नका, असं तुम्ही म्हणता. शिवाय अनेक धर्मपंडित मनुका तीन दिवस भिजवायला सांगतात, पेल्याचं माप मी चुकवलं आणि लेखात ग्रंथांचे आधार नाहीत, असे आणखी तीन आक्षेप.

माप चुकलं, हे कबूल. रेविईत, म्हणजे पेल्याचं किमान माप, 80 मिली असं मी लिहिलं होतं. धर्मपंडित रब्बी हाईम नाए यांच्या हिशेबाने ते 86 मिली भरतं (हजोन ईश या दुसऱ्या पंडितांच्या हिशेबाने 150). तुम्ही बरोबर, मी चूक. दुरुस्ती खाली केली आहे.

आता जुगाड.

एखाद्या समाजाने शुक्रवारी संध्याकाळी ज्या पेल्यावर देवाचं नाव घेतलं, त्याला हा शब्द लावण्याआधी दोन मिनिटं विचार करायला हवा होता. तुम्हाला शंका होती तर विचारायचं होतं, मी आनंदाने उत्तर दिलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, निकाल दिलात. आणि तोही कारण न तपासता, कारण यात प्रश्न पैशांचा नव्हताच. यहुदी माणसाला द्राक्षाची वाइन कुणाच्याही हातची चालत नाही. द्राक्षं तुडवण्यापासून बाटली बंद होईपर्यंत ती धर्म पाळणाऱ्या यहुदींच्याच हाताखाली राहावी लागते, एरवी ती कोशेर, म्हणजे धर्मनियमाने ग्राह्य, राहत नाही. भात, भाजी, फळं शेजारच्या शेतातून आणता येतात, वाइनचं तसं नाही. कोकणात पेण, पनवेल, अलिबाग, रोहा या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवल्या गेलेल्या लोकांच्या आसपास द्राक्षमळे नव्हते. बाजारात जी दारू मिळेल ती खिशात पैसे असले तरी किद्दूशला चालणार नव्हती. आजही नाशिकची वाइन दुकानात दिसते म्हणून उचलून आणता येत नाही, बाटलीवर कोशेरचा शिक्का लागतो. मनुका मात्र कुणाकडूनही घेता येतात, कारण त्या वाळवलेलं फळ आहेत. रस आपल्या घरात, आपल्या हाताने निघतो. ज्यांनी हे शोधलं त्यांनी नियम पुरता पाळला. गरिबीचा उल्लेख तुम्ही कुठून आणलात?

आधार हवेत ना, हे घ्या. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या बाबा बात्रा भागात (97अ-ब) रव या पंडितांचा नियम येतो: जी वाइन मंदिरातल्या वेदीवर ओतायला चालेल तिच्यावरच किद्दूश म्हणावा. मनुकांच्या वाइनबद्दल तिथेच म्हटलंय की वेदीवर ती मुद्दाम आणू नये, पण आणलीच तर ग्राह्य आहे. म्हणून किद्दूशला ती चालते. शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ (ओरह हाईम 272:6) हेच सांगतो आणि एक अट घालतो: मनुकेत ओल हवी, दाबली तर तिच्यातून मधासारखा पाक बाहेर यायला हवा. पूर्व युरोपातल्या यहुदी घरांतही मनुकांची वाइन होत असे. अमेरिकेत दारूबंदी असताना 1922 साली तालमूदचे अभ्यासक लुई गिन्झबर्ग यांनी न आंबलेला द्राक्षरसही धर्मकार्याला चालतो असा सविस्तर निवाडा दिला. त्या सगळ्यांना तुम्ही जुगाडू म्हणणार आहात का?

ही ओलीची अट मी मूळ लेखात एका ओळीत आटोपली होती, ती इथे नीट सांगते, कारण शरबत बिघडतं ते बहुतेक इथेच. मनूक अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. बोटांना चिकट पाक लागला की ती घ्या. जुन्या, खडखडीत मनुकांवर साखरेचे पांढरे कण दिसतात, त्या मोडतात पण पाक सोडत नाहीत. तसल्या मनुका दहा तास भिजवल्या तरी मिळतं ते गोडसर पाणी, आणि मग तुमच्यासारख्या माणसाला बोलायला जागा मिळते.

250 ग्रॅम मनुका, अर्धा लिटर पाणी. आधी कोमट पाण्यात दोनदा चोळून धुवायच्या. लवकर सुकावीत म्हणून द्राक्षांना तेलाच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आपल्याकडे आहे, त्याचा पातळ थर राहिला तर शरबतावर तवंग येतो. शुक्रवारी सकाळी भिजत घालायच्या, सहा ते आठ तास. त्याच पाण्यात हाताने कुस्करायच्या. मिक्सर नको, असं मी लिहिलं त्यावरही तुम्ही "जुनाट आग्रह" म्हणालात. बियांच्या मनुका असतील तर पात्याने बिया फुटतात आणि शरबत गढूळ, तुरट होतं. आग्रह एवढ्याचसाठी. मलमलच्या फडक्यातून पिळून गाळलं की साधारण 400 मिली निघतं. भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, अर्धा अर्क त्यातच असतो. वरून साखर घालायची नाही.

हे सगळं सूर्यास्ताआधी, दिवे लावायच्या आत उरकायचं. शब्बाथ सुरू झाल्यावर फळ पिळणं आणि चोथा गाळून काढणं, दोन्ही वर्ज्य कामं आहेत. गाळायचं राहून गेलं तर त्या रात्री ते गाळता येत नाही. तेव्हा किद्दूश पावावर म्हणतात, 'बोरे पेरी हगाफेन' या वाइनच्या आशीर्वादाच्या जागी 'हमोसी' हा पावाचा आशीर्वाद म्हणून. शनिवारी दुपारच्या किद्दूशसाठी उरलेलं शरबत फ्रिजमध्ये झाकून ठेवावं. मुंबईच्या उकाड्यात बाहेर राहिलं की त्यावर फेस धरतो.

गेली 22 वर्षं दर शुक्रवारी आमच्या घरी हे शरबत मीच गाळते. त्यामुळे "ऐकीव माहितीवर लिहिलंय" हे तुमचं वाक्य मला लागलं, हे लपवत नाही.

तीन दिवसांचं मत आहे, मला ठाऊक आहे. ज्यांना पाळायचं त्यांनी जरूर पाळावं. मला माहीत असलेल्या घरांत तसं केलं जात नाही. मनुकांचं प्रमाण पाण्याच्या एक षष्ठांशाहून जास्त हवं, हाही नियम आहे आणि माझ्या मापात ते कितीतरी जास्त आहे. या मुद्द्यावर याहून अधिक वाद मला घालायचा नाही. काळ्याच मनुका का, या तुमच्या जाता जाता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर: पेसाह या सणाच्या रात्री माणशी प्यायच्या चार पेल्यांना लाल वाइन शोधावी असं शुल्हान आरूखमध्येच आहे, आणि पिवळ्या बेदाण्याचा रस फिका निघतो.

कोशेर वाइन घरी आणणाऱ्यांवर मी लेखात एक अक्षरही वाईट लिहिलेलं नाही. बाटली आणा, तीही उत्तमच. पण दुसऱ्याच्या ताटातल्या पेल्याकडे बोट दाखवून बोलताना जीभ जरा आवरा.

पेसाहच्या हिशेबाची दुरुस्ती. माणशी चार पेले, पेला 86 मिली, म्हणजे 344 मिली. दहा माणसांना सुमारे साडेतीन लिटर. मी दोन किलो मनुका सांगितल्या होत्या, त्या सव्वादोन किलो घ्या. इस्राएलबाहेर सेदेर, म्हणजे पेसाहचं ते विधीचं जेवण, दोन रात्री असतो आणि सणाच्या दिवशीही पिळता येत नाही, तेव्हा दोन्ही रात्रींचं, म्हणजे साडेचार किलोंचं, शरबत पहिल्या संध्याकाळच्या आतच गाळून फ्रिजमध्ये ठेवायचं. सुट्या मनुका घेताना त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून पीठ चोळलेलं नाही ना, हे दुकानदाराला विचारून घ्या. गव्हाचं पीठ लागलेल्या मनुका पाण्यात पडल्या की त्या पेसाहला चालत नाहीत.