मांडवीखालचं भुयार

पुस्तकाच्या पाठीवरच्या मजकुरावर विश्वास ठेवणारी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. मी उरलोय. ‘सन १६८३. संभाजीराजांची फौज गोव्याच्या दारात. आणि आतून कडी लावलेल्या खोलीत एका कारकुनाचं प्रेत!’ एवढं वाचलं आणि वाचनालयातून तो ठोकळा उचलून घरी आलो. बाहेर आषाढाची झड, वीज जाणार याची खात्री, गॅसवर कुळथाचं कळण. रहस्यकथेला याहून चांगला योग फोंड्यात जुळत नाही.

त्यात साल १६८३! या सालावर नुसता धपाट्याने हात मारला तरी कादंबरी बाहेर पडावी. पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर नोव्हेंबरात फोंड्याचा किल्ला घ्यायला आला आणि येसाजी कंकांकडून मार खाऊन परत गेला. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीला पाणी उतरल्यावर, मराठे जुवे बेटावर घुसले आणि तिथला किल्ला घेतला. म्हणजे राजधानीच्या, आजच्या जुन्या गोव्याच्या, अगदी उंबऱ्याशी. बेट परत घ्यायला गेलेला विजरई स्वतः जखमी होऊन पळाला. शहरात हाहाकार. शेवटी या गृहस्थाने बॉम जेझूस चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी उघडायला लावली, आपला राजदंड संताच्या हाती दिला आणि सांगितलं, आता तूच सांभाळ! पुढे मोगलांची फौज मराठ्यांच्या पाठीवर आली आणि शहर वाचलं. आता सांगा, भर युद्धात राज्याचा कारभार एका प्रेताच्या हवाली होतो, त्या पेटीभोवती कोण कोण उभं होतं, कुणाच्या मनात काय होतं, याहून मोठं रहस्य कुठून आणायचं? आमच्या लेखकाने या प्रसंगाला दोन ओळी दिल्या आहेत. कारकुनाच्या विधवेच्या डोळ्यांना साडेतीन पानं.

गोव्यात ऐतिहासिक कादंबरी वाचण्यात एक गोची आहे. फोंड्याहून पणजीला जाणारी बस जुन्या गोव्यातून जाते, त्यामुळे लेखकाची उलटतपासणी खिडकीतूनच होते. आमचा नायक, मराठ्यांचा हेर, तिसऱ्या प्रकरणात से कॅथेड्रलसमोर उभा राहतो आणि तो ‘एकुलता एक मनोरा’ पाहून स्वतःच्या एकटेपणाने हळवा होतो. अरे बाबा, त्या चर्चला तेव्हा दोन मनोरे होते! दुसरा १७७६मध्ये कोसळला. म्हणजे हळवं व्हायला अजून ९३ वर्षं अवकाश होता. पुढे बॉम जेझूसचे तांबडे चिरे चांदण्यात रक्तासारखे चमकतात. चमकतील कसे? त्यांच्यावर तेव्हा गिलावा होता, तो खरवडून काढला गेल्या शतकात.

पण माझ्या सहनशक्तीचा खरा अंत हेराने पाहिला तो सकाळी उठून, फोंड्यातल्या एका घरी, आलं घातलेला चहा पिऊन. मी पुस्तक मिटून सोप्यावरूनच ओरडलो, “सोळाशे त्र्याऐंशीत चहा!”

“पिऊ दे की,” आतून बायको म्हणाली. “तुम्हाला चहाशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नाही. त्या बिचाऱ्याला खून शोधायचाय.”

ठीक आहे. इतिहास बाजूला ठेवला. रहस्य तरी? रहस्याची सुरुवात, खोटं कशाला बोला, फक्कड होती. कारकुनाच्या खोलीत फरशीवर चिखलाची पावलं. आणि साधा चिखल नव्हे. काळा, चिकट, खारट वासाचा. लेखकाने तो वास असा लिहिलाय की मी उठून बसलो. हा खाजनातला, खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतातला चिखल! ज्याने मानशीजवळ, म्हणजे त्या बांधातल्या पाण्याच्या दाराशी, उभं राहून ओहोटीला पाणी खाली जाताना पाहिलंय, त्याला हा वास सांगावा लागत नाही. मी वीजबिलाच्या पाठीवर संशयितांची यादी केली आणि तासाभरात उलगडाही केला. खुनी जुव्याच्या बाजूने आला. ओहोटीला खाजनातून चालत आला, म्हणून चिखल. भरतीच्या आत परत जायची घाई, म्हणून मेणबत्ती अर्धी जळलेली. आणि ज्याला पाणी कधी उतरतं ते तासातासाने ठाऊक, असा यादीत एकच माणूस होता: मानशीचा राखणदार. शिवाय त्याच वाटेने उद्या फौज येणार, हे कारकुनाला कळलं होतं. खुनाचं कारणही तयार! इतका सुबक उलगडा की मला लेखकाबद्दल प्रेम वाटू लागलं.

आणि इथे समासातली पेन्सिल आडवी आली. आधीच्या कुणा वाचकाने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं: ‘खुनी पाद्रीचा भाऊ.’

असल्या माणसांना खरं तर वाचनालयात प्रवेशच देऊ नये. पण मला पडला वेगळाच पेच. पाद्रीला भाऊ होता कुठे? मी मागची पानं चाळली. पाद्रीला एक बहीण, एक खेचर आणि संधिवात होता. भाऊ नव्हता. पुढे वाचत गेलो. प्रत्येक नव्या माणसाकडे मी हाच का तो भाऊ, म्हणून बघायचा. पाववाला पदेर आला, वैद्य आला, एक डच व्यापारी उगाच येऊन गेला. फुटलेलं रहस्यसुद्धा कळू नये, हा अनुभव माझ्या वाचनात नवीन होता.

भाऊ उगवला शेवटून दुसऱ्या प्रकरणात. इतके दिवस तो होता कुठे? भुयारात! जुन्या गोव्यातून मांडवीच्या पात्राखालून थेट पलीकडच्या दिवाडी बेटावर निघणाऱ्या गुप्त भुयारात. आपल्याकडे कुठलंही जुनं बांधकाम दाखवा, खालून भुयार असल्याचं सांगणारा एक म्हातारा मिळतोच. पण तोही नदीच्या काठाशी थांबतो. आमच्या विहिरीचं पाणी जुलैत हाताने घेता येतं. आणि हा पठ्ठ्या पोर्तुगीजांच्या काळात नदीखालून कोरड्या पायांनी दिवाडीला! आज आम्ही दिवाडीला जायला फेरीबोटीची वाट बघत उभे राहतो. बांधकाम खात्यातल्या मेहुण्याला मी ते पान वाचून दाखवलं. त्याने मान हलवून एवढंच विचारलं, “पाणी उपसायचं कंत्राट कुणाला होतं?”

आणि चिखल? भाऊ भुयारातून आला, कोरड्या पायांनी आला, लेखकाच्या शब्दांत ‘पावलाचाही मागमूस न ठेवता’ आला. मग फरशीवरचा तो काळा, चिकट, खारट चिखल कुणाचा? लेखक साफ विसरला. मानशीचा राखणदार तर चौदाव्या प्रकरणानंतर दिसतच नाही. रात्री अंथरुणावर मी दोनदा ‘चिखल’ म्हणालो, अशी घरात तक्रार आहे.

शेवटच्या पानावर तेच पेन्सिलीचं अक्षर होतं: ‘सांगितलं होतं.’ आणि त्याखाली, निळ्या शाईत, वेगळ्या हाताने: ‘मग चिखल?’

मला भरून आलं. फोंडा तालुक्यात आणखी एक माणूस माझ्यासारखाच तळमळत पडलाय! वाचनालयात जाऊन मी बाईंना म्हटलं, माझ्याआधी हे पुस्तक कुणी कुणी नेलं होतं, जरा रजिस्टर बघता का? बाईंनी आधी ती दोन्ही अक्षरं पाहिली, मग चष्म्यावरून मला पाहिलं, आणि एक कोरा कागद पुढे सरकवून म्हणाल्या, “यावर ‘चिखल’ लिहा बघू.”

मी लिहिलं. त्यांनी कागद पानाशेजारी धरला, ‘ख’ला ‘ख’ ताडून पाहिला, आणि मला सोडून दिलं. एवढा साधा तपास त्या अख्ख्या ठोकळ्यात कुणाला सुचला नव्हता.