बारा गिअरचा मेहुणा

माझा मेहुणा नेरूळला राहतो. तिथून पाम बीच रोडने वाशीकडे जा की बेलापूरकडे, रस्ता परातीसारखा सपाट. चढ म्हणून काही लागलंच तर एखादा उड्डाणपूल. तरीही त्याच्या माउंटन बाइकच्या मागच्या चाकाला बारा चकत्या आहेत, म्हणजे बारा गिअर, आणि त्यातली थोरली ५२ दात्यांची. मागची चकती जितकी मोठी तितका चढ हलका. नाकापेक्षा मोती जड! मी ठाण्याचा, येऊरच्या पायथ्याशी राहणारा, आणि माझ्या कॅसेटला, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्याला, नऊच चकत्या, ११ ते ४६ दात्यांच्या. हे कळल्यापासून तो मला भेटेल तिथे विचारतो, "भावोजी, अजून नऊवरच?" पगार विचारावा तसा, चारचौघांत.

तसं पाहिलं तर गिअर मोजायची हौस जुनीच. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकलींवर अजून '२१ स्पीड'चे स्टिकर आहेत. पुढे पायडलपाशी तीन चकत्या, मागे सात, झाले एकवीस. आता जरा हिशेब मांडा. पुढे ४२ दाते, मागे २४: भागाकार १.७५, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे तेवढे फेरे. पुढे ३४, मागे २०: १.७. पुढे २४, मागे १४: १.७१. कागदावर तीन गिअर, पायांना एकच. त्यात पुढची मोठी आणि मागचीही मोठी चकती एकदम टाकायची नाही, दोन्ही लहानही नाही, चेन तिरकी ओढली जाते. म्हणजे एकवीसपैकी काही जुळे, काही निषिद्ध. उरले किती, ते विकणाऱ्याने कधी सांगितलं नाही आणि आपणही कधी विचारलं नाही.

मग २०१२ साली सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या स्राम कंपनीने पुढच्या जादा चकत्या आणि पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, काढून टाकला. पुढे एक, मागे अकरा, १० ते ४२ दाते. हे काम खरोखर शहाणपणाचं होतं, त्यांना शंभर गुण. डाव्या हाताने पुढचे गिअर बदलायची कटकट गेली, ऐन चढावर पुढची चेन पडायची ती थांबली. पण गाडी तिथे थांबते थोडीच! २०१६ मध्ये बारा चकत्या आणि ५० दाते. २०१८ मध्ये स्पर्धक कंपनी शिमानोचे ५१. मग स्रामचे ५२. शेजाऱ्याने टीव्ही घेतला की आपण एक इंच मोठा घ्यायचा, त्यातलाच प्रकार. शिवाय सर्वांत छोटी चकती ११ ऐवजी १० दात्यांची झाली आणि ती चाकाच्या मध्यावरच्या जुन्या हबवर बसेना. म्हणजे नवा फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग), नवी चेन, नवा शिफ्टर (गिअर बदलायची लिव्हर), नवा डिरेलर. एका दातापायी अख्खी कवळी!

तर हा मेहुणा एका रविवारी सायकल गाडीच्या मागे बांधून येऊर चढायला आला. उपवन तलावापर्यंत ऐट होती. वन खात्याच्या फाटकानंतर चढाने तोंड दाखवलं आणि त्याच्या मागून टक-टक, टकटक असा आवाज सुरू झाला. चेनला कुठल्या चकतीवर बसावं ते ठरेना. गाडीवर बांधताना हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, किंचित वाकला होता. जुन्या आठ गिअरच्या सायकलीने एवढं पोटात घातलं असतं. तिची चेन सुमारे सात मिलिमीटर रुंद. बाराची जेमतेम सव्वापाच, आणि चकत्या लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसल्यासारख्या दाटीवाटीने. तिथे केसाइतकी चूकही चालत नाही.

तरीही तो चढत होता आणि मी त्याच्या मागे. तेव्हा मला त्याचा उजवा अंगठा दिसला. चेन केव्हाच ५२ वर जाऊन बसली होती, पुढे काही शिल्लक नव्हतं, तरी अंगठा लिव्हर दाबत होता. एकदा. पुन्हा एकदा. माझाही अंगठा तेच करत होता, ४६ वर. चढावर सायकलवाल्याला गिअर कितीही द्या, त्याला नेहमी एक कमीच पडतो.

घरी येऊन मी आकडेमोड केली. दोघांच्या सायकलींना पुढे ३२ दाते, चाकं २९ इंची. पायडलच्या एका फेऱ्यात त्याची सायकल सुमारे १.४ मीटर पुढे जाते, माझी १.६. फरक वीतभराचा. मिनिटाला साठ फेरे मारले तर त्याचा वेग ताशी पाच किलोमीटर होतो. ठाणे स्टेशनच्या पुलावर ८.२० ची फास्ट गाठणारा माणूस याहून जोरात चालतो.

बरं, ही वीत तरी मोठ्या चकतीची कमाई. चकत्यांची संख्या वाढली की फक्त मधल्या पायऱ्या बारीक होतात. त्या कुठे कामाला येतात? सपाटीवर, वाऱ्याविरुद्ध, एका लयीत पाय मारताना. म्हणजे पाम बीच रोडवरच! जंगलातल्या पायवाटेवर चढ आधी कळवून येत नाही. तिथे दोन-तीन गिअर एकदम टाकावे लागतात, मधले नुसते बघत बसतात. हे मी मेहुण्याला सांगितलं नाही. बारा गिअरचं समर्थन त्याला आयतं कशाला द्या?

आमच्या मेस्त्रींनी हँगर सरळ केला, मान तिरकी करून बराच वेळ चकत्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हे घड्याळजीचं काम. माझ्याकडे पाना आहे." शिमानोलाही त्यांचं म्हणणं पटलं असावं, २०२३ च्या क्यूज नावाच्या सुट्या भागांच्या मालिकेत त्यांनी नऊ, दहा आणि अकराच गिअर ठेवले, जास्त टिकणाऱ्या चकत्यांचे. मी हे मेहुण्याला मोठ्या उत्साहाने कळवलं.

संध्याकाळी त्याचा फोन. रोटर नावाच्या स्पॅनिश कंपनीने मागे तेरा चकत्यांची कॅसेट काढली आहे, मी पाहिली का?

बायको पलीकडून ओरडली, "सांगा त्याला, बारावं झालंय ना, मग तेराव्याला मी जेवायला येते म्हणावं!"