प्रेक्षकांनी सोंगट्यांना हात लावू नये

सोसायटीच्या बुद्धिबळ स्पर्धेचा निकाल अजून लिफ्टशेजारी लटकतोय. पहिल्याच फेरीत पाचवीतल्या मुलाकडून गारद झालेला गृहस्थ म्हणजे मी. हरण्याचं मला काही नाही. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाल्यापासून पाचवीतल्या मुलांनाही आपल्याला उशीर झाल्यासारखं वाटतं. पण मला त्या मुलानं हरवलेलं नाही, बी विंगमधल्या काकांनी हरवलं.

काळ्या सोंगट्या आल्या की पहिल्या दहा खेळ्यांतच माझी तारांबळ उडायची, म्हणून वनाज-रामवाडी मेट्रोत मोबाइलवर मी कॅरो-कान शिकायला घेतलं. कॅरो आणि कान या दोघांनी १८८६ मध्ये या बचावाचा अभ्यास मांडला होता. समोरच्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं ढकललं की आपण वजिराच्या उंटापुढचं एक घर सरकवायचं, मग वजिरापुढचं दोन घरं. फ्रेंच बचावात आपला हा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडून बसतो, इथे तो आधी बाहेर पडतो. समोरच्यानं वजिरापुढचं प्यादं ढकललं तरी मांडणी जवळपास तीच, फक्त नाव स्लाव्ह. एका अभ्यासात दोन पेपर निघत असतील तर कुठला पुणेकर नाही म्हणेल?

तर मी पहिली खेळी केली आणि कानाशी आवाज आला, "एकच घर?"

काका खुर्ची घेऊन आले होते. स्वतःची, घरून.

"देशी खेळताय का? आमच्या लहानपणी प्यादं एकच घर चालायचं."

"नाही काका, हा कॅरो-कान."

"असेल. पण दोन घरं मिळतायत ना? मग घ्यायची. फुकट मिळालेलं सोडणारा माणूस मी कोथरूडमध्ये पहिल्यांदा बघतोय." मग मागे वळून, "अहो जोशी, इकडे या जरा, गंमत आहे."

जोशी आले. जोशींबरोबर उपम्याची बशी आली. समोरचा मुलगा पाय हलवत बसला होता, त्यानं राजापुढचं प्यादं आणखी पुढे दामटलं. मी उंट बाहेर काढला. (पुस्तकात अस्संच आहे.)

"उंट गेला फिरायला," काका जोशींना म्हणाले. "घरी कोण?"

मग मुलानं हत्तीपुढचं प्यादं दोन घरं टाकलं. ही खेळी मला पाठ होती! १९६१ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात ताल हीच खेळी बॉटविनिकविरुद्ध खेळला होता. उत्तरही पाठ होतं: आपणही हत्तीपुढचं दोन घरं. माझा हात उचलला गेला.

"कुठे चाललात? दोन घरं?" काका जवळजवळ उठलेच. "राजापुढचं एक घर. सोंगट्यांनी एकमेकींना धरून राहावं."

"मगाशी तुम्हीच म्हणालात, दोन मिळतायत तर घ्या."

"ते मगाशी!"

आणि काकांनी माझं राजापुढचं प्यादं उचलून एक घर पुढे ठेवलं. बोटाला उपमा लागलेला होता.

"टच मूव्ह," मुलगा म्हणाला. म्हणजे हात लावलेली सोंगटी चालवावीच लागते.

सेक्रेटरी धावत आले. मी सांगितलं, हात माझा नव्हता. ते म्हणाले, "पण प्यादं तुमचंच ना?" जागतिक संघटनेच्या नियमांत प्रेक्षकाला डावात ढवळाढवळ करायची मनाई आहे, हे मी ऐकवलं. त्यावर ते म्हणाले, "तो नियम मोठ्या स्पर्धांचा."

पुढचं सांगायला नको, पण सांगतो. मुलानं घोड्यापुढचं प्यादं उंटावर घातलं, उंट पळाला, दुसरं प्यादं आलं, उंट परत पळाला, तिसऱ्यानं त्याची वाट बंद केली. उंट गेला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, उंट बाहेर काढू नका," काका म्हणाले. जोशींनी मान डोलावली.

खरा राग वेगळाच आहे. त्या मुलाच्या सोंगटीला काकांनी हात लावला असता का? त्याच्या आईनं तिथेच सोलून काढलं असतं. पोर शिकत असलं की सगळी बिल्डिंग श्वास रोखून गप्प. पंचेचाळिशीतला माणूस शिकायला बसला की तो सार्वजनिक नळ, येईल त्यानं पिळावा. पोहायला गेलो तेव्हाही हेच, "आता कशाला?" कशाला म्हणजे काय? तालनं ती खेळी केली तेव्हा तो २४ वर्षांचा होता आणि बॉटविनिक ४९ चा. त्याच सामन्यात म्हाताऱ्यानं पोराकडून जगज्जेतेपद परत घेतलं, तेही कॅरो-कान खेळून! पण त्याच्या शेजारी खुर्ची टाकून कोणी बसलं नव्हतं.

रात्री सेक्रेटरींना मेसेज केला की प्रवेश फी परत हवी. उत्तर आलं, "उपमा घेतला होता ना?"

घेतला होता. गार होता.