भिंत पाहिलीत, आता आवाजही ऐकवा

टोरंटोच्या एग्लिंटन वेस्ट रस्त्यावरच्या ‘लिटल जमैका’ या जमैकन वस्तीतल्या रेगे संगीताचं प्रदर्शन उघड्यावर, तिकिटाशिवाय भरवावं, हे तुमच्या लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. तिथल्या ‘रेगे लेन’ या गल्लीतलं एड्रियन हेल्स यांचं भित्तिचित्र हेच तर करतं. कीबोर्डवादक जॅकी मिट्टू, गायक लिरॉय सिब्ल्स ही जमैकातल्या किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’ या रेकॉर्डिंग स्टुडिओत घडलेली माणसं टोरंटोत राहिली, इथेच वाजवत-गात राहिली. मिट्टू तर 1990 मध्ये इथेच वारले. युनेस्कोने रेगेला 2018 मध्ये वारसा ठरवलं, पण या वस्तीने तो कितीतरी आधीपासून सांभाळला होता.

एक मुद्दा मात्र लेखात निसटलाय. मोफत म्हणजे सगळ्यांना खुलं, असं होत नाही. फलक व्हीलचेअरवर बसलेल्याच्या नजरेच्या टप्प्यात हवेत, अक्षरं ठळक हवीत, दिसत नाही त्यांच्यासाठी वर्णन ऐकण्याची सोय हवी, आणि टेकायला बाकं हवीतच. ज्यांनी हा काळ जगलाय ती मंडळी आता म्हातारी झालीत हो!

आणि साउंड सिस्टिम ठेवाच. कपाटाएवढे ते लाकडी स्पीकर लागले की बेस आधी छातीत घुमतो, मग कानात शिरतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी खोक्यावर नुसता तळवा टेकवला तरी ठेका कळतो. फोटोंच्या रांगेपेक्षा मला हे मोलाचं वाटतं.

मेट्रोच्या कामाने 2011 पासून इथल्या दुकानदारांचे फार हाल झाले. प्रदर्शन भरवाल तेव्हा खाणंपिणं, रेकॉर्ड्स त्यांच्याकडूनच घ्या.